दलित उद्योजकांचं रोजचं गिऱ्हाईक कसं व्हायचं: सोलापुरात वह्या लिहिणाऱ्या एका बाईचं सांगणं

दिवाळीच्या दीड महिना आधी जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. "ताई, यंदा आम्ही ठरवलंय, सोसायटीची सगळी खरेदी आपल्या दलित उद्योजकांकडून करायची. तुमच्याकडे यादी असेलच. व्हॉट्सॲपवर टाका ना." माणूस मनापासून बोलत होता. मला फार बरं वाटलं. तरी यादी त्या दिवशी पाठवली नाही. ज्यांची नावं देणार, त्या एकेकाला आधी फोन करून विचारलं. अकरा जणांतले चौघं म्हणाले, "ताई, आमचं नाव त्यात घालू नका."

त्या चौघांत एकीची खानावळ आहे. पाटीवर देवाचं नाव. आठ वर्षं झाली, रोज साठ-सत्तर डबे जातात. डबे घेणाऱ्यांना तिचं आडनाव माहीत नाही. "कळलं की पुढच्या महिन्यात निम्मे बंद होतील, ताई. पोरीची बारावी आहे," ती म्हणाली. मी तिचं नाव खोडलं.

मदत करायची इच्छा असलेली माणसं मला आता बरीच भेटतात. त्यांनी नेमकं काय करावं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून लिहितेय. मी तेवीस वर्षं छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिते. आधी हातानं लिहायचे, आता टॅलीवर. जीएसटी, उद्यम नोंदणी, बँकेला लागणारे कागद, सगळं करते. माझा जन्म बुधवार पेठेतला. माझ्याकडे येणारे निम्मेअधिक दुकानदार आमच्याच समाजातले, काही मातंग, काही चर्मकार. कुणाचा धंदा कशानं उभा राहिला आणि कुणाचा कशानं बसला, हे मी आकड्यांत पाहिलेलं आहे.

यादी करण्याआधी

माझी भाची अमेरिकेत अटलांटाला असते. तिच्या शेजारी कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. ती सांगते, तिकडे कृष्णवर्णीयांच्या दुकानांच्या याद्या उघडपणे निघतात, दुकानदार स्वतः दारावर तसं लिहितो आणि लोक मुद्दाम तिथे जातात. ही तिथली जुनी रीत आहे. १९०३ साली रिचमंड शहरात मॅगी लेना वॉकर या बाईनं आपल्या लोकांच्या पै-पैशातून बँक काढली, कारण गोऱ्यांच्या बँकांची दारं त्यांना उघडत नव्हती. आणि ही दुकानं भरभराटीला आली की डोळ्यात कशी खुपतात, तेही त्यांनी भोगलंय. १९२१ साली टल्सा शहरातली ग्रीनवुड ही त्यांची अख्खी पेठ जमावानं जाळून टाकली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, दोन्हीकडच्या दुःखात किती सारखेपणा आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

पण तिकडची यादीची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. तिकडे कातडीचा रंग दिसतो, लपवायचं म्हटलं तरी लपत नाही. इथे आडनाव लपवता येतं, आणि पोट चालवायचं म्हणून अनेकांनी ते लपवलेलं आहे. तेव्हा पहिली गोष्ट: दुकानदाराला "तुम्ही कोणाचे? मूळ गाव कुठलं? आडनाव काय?" असं विचारू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असो, हे प्रश्न त्यानं जन्मभर वेगळ्याच हेतूनं विचारलेले ऐकलेत. त्याच्या पोटात गोळा येतो.

मग ओळखायचं कसं? ज्यांना ओळख द्यायचीच आहे, त्यांनी ती दिलेलीच असते. गल्ल्याच्या वर बाबासाहेबांची, बुद्धांची तसबीर असते, अण्णाभाऊंचा किंवा संत रोहिदासांचा फोटो असतो. चौदा एप्रिलच्या जयंतीला मंडळं स्मरणिका काढतात. त्यातल्या जाहिराती नीट वाचा. फ्लेक्सवाला, मंडपवाला, पॅथॉलॉजी लॅब, ड्रायव्हिंग स्कूल, केटरर, वायरमन, शिवणवाली, सगळे तिथे स्वतःच्या नावानिशी, फोन नंबरासकट असतात. मला तरी याहून चांगली यादी माहीत नाही, आणि ती त्यांनीच दिलेली आहे. मिलिंदनगरला प्रेरणाभूमीच्या परिसरात एक चक्कर मारा, आसपासच्या गल्ल्यांतून चाला. विहारात गेलात तर तिथल्या महिलांना विचारा, कोणता बचत गट काय करतो ते त्या सांगतील. आणि जे लपले आहेत, त्यांना लपलेलं राहू द्या. तुम्हाला चुकून कळलं तरी चारचौघांत, कौतुकानं सुद्धा, बोलू नका. त्यांच्याकडचा डबा चालू ठेवा, बस्स.

खाण्यापासून सुरुवात करा

सगळ्यांत आधी खाण्याच्या धंद्याकडे जा, असं मी आग्रहानं सांगते. त्याला कारण आहे.

माझे बाबा गिरणीत होते, स्पिनिंगला. लहानपणी मी विचारायचे, साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार जास्त असतो तर तुम्ही तिथे का नाही गेलात? ते हसायचे आणि विषय बदलायचे. मोठी झाल्यावर वाचलं. मागावरच्या धोट्यातून धागा ओढायला विणकर तोंड लावायचा. आमच्या माणसानं तोंड लावलेला धोटा दुसऱ्यानं कसा वापरायचा, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत आमच्या लोकांना साचाखात्यात घेतच नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. गेटवर जात विचारत नव्हते, यंत्रावर विचारत नव्हते. तोंडाशी आली की विचारायचे.

आजही तसंच आहे. आमच्या माणसानं बसवलेला नळ चालतो, त्यानं शिवलेला युनिफॉर्म चालतो, त्यानं छापलेली लग्नपत्रिका देवापुढे ठेवलेली चालते. त्याच्या हातची भाकरी म्हटलं की हात आखडतो. माझ्या वह्यांत हे स्वच्छ दिसतं. मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, इलेक्ट्रिक काम यांची विक्री पेठेबाहेर पसरते. खाण्याचा धंदा पेठेतच फिरत राहतो, नाहीतर नाव लपवतो.

गिरणी बंद पडल्यावर आईनं शेंगाचटणी सुरू केली. ती कशी करायची ते सांगते, म्हणजे चटणी घेताना तुम्हाला बघता येईल. शेंगदाणे मंद आचेवर, सतत हलवत, आतपर्यंत भाजायचे. वरून डाग पडला आणि आत कच्चा राहिला तर चटणी आठ दिवसांत खवट होते. गार झाले की सालं पाखडायची. मग उखळात शेंगदाणे, सोललेला लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. आणि कुटायचं. मिक्सरमध्ये भुगा होतो, कुटल्यावर तेल सुटतं. तेल वरून घालायचं नसतं, शेंगदाण्यानंच सोडायचं असतं. चमच्यानं उचलली की गोळा राहायला हवा आणि कागदावर ठेवली की कागद पारदर्शक व्हायला हवा. आई पहाटे चारला उठून सहा किलो कुटायची. तिच्या उजव्या हाताच्या तळव्यावर मुसळाचा घट्टा शेवटपर्यंत होता.

नवी पेठेतल्या एका दुकानदारानं ती चटणी ठेवायला घेतली. दोन महिने हातोहात खपली. तो आणखी मागायला लागला. मग एक दिवस कुणीतरी त्याला आईचं आडनाव सांगितलं. त्यानं भांडण केलं नाही, वाईट बोललाही नाही. नऊ पुडे परत दिले आणि म्हणाला, "अक्का, गिऱ्हाईक कमी झालंय." आईनं पुडे पिशवीत भरले. घरी येताना एकही शब्द बोलली नाही. मी नववीत होते, पिशवी मी धरली होती.

म्हणून सांगते, खा. आठवड्यातला एक डबा, पाव किलो चटणी, महिन्यातून एकदा थाळी. आणि नुसतं विकत घेऊन घरी नेऊ नका. तिथे बसून खा, तिथलं पाणी प्या, पोरांना घेऊन जा. ऑफिसमधल्या मित्राला "चल, जेवायला" म्हणून तिथेच न्या, आधी काहीही न सांगता. जेवण आवडलं की तो आपण होऊन परत येतो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हेच केलं होतं. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. गावातलं कुणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी तिथे थांबवायचे, गंगारामांच्या हातचा चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. धंद्याला पैसे देणारे पुष्कळ मिळतात. महाराजांनी दारात उभं राहून कप तोंडाला लावला, म्हणून ते हॉटेल आजही लोकांच्या तोंडी आहे.

भाव, आणि दिवाळीची केरसुणी

लक्ष्मीपूजनाला सोलापुरात घराघरात नवी केरसुणी येते. तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. ही केरसुणी शिंदीच्या पानांची, आणि ती बांधणारी घरं बहुतेक मातंग समाजाची. पानं तोडायची, वाळवायची, चिरायची, मुठीपाशी घट्ट आवळून बांधायची. पानाच्या कडेनं बोटं कापतात. आणि टिळक चौकातल्या सोन्याच्या दुकानातून बाहेर पडलेली बाई त्या केरसुणीवर दहा रुपयांसाठी पाच मिनिटं घालते. मी पाहिलंय. तिला वाईट म्हणत नाही, घासाघीस करायची आपल्याला सवय लागलेली आहे. पण सोनाराकडे मजुरीत आपण किती सोडवून घेतो ते आठवा, आणि इथे सांगितलेला भाव द्या. जास्तही देऊ नका. "ठेव वरचे, दिवाळी आहे" हे शब्द नकोत. पाच रुपये परत येत असतील तर परत घ्या. विकणारी बाई व्यापार करतेय, तिला व्यापाऱ्यासारखं वागवा.

माल वाईट निघाला तर तेही सांगा, तिथल्या तिथे, दुकानदाराला. चटणी खारट होती, शर्टाची काज उसवली, फ्लेक्सवर नाव चुकलं. आपली माणसं दोन टोकांना जातात. एक तर "जाऊ दे, गरीब आहे" म्हणून गप्प बसतात आणि पुन्हा येत नाहीत, नाहीतर एका चुकीवरून साऱ्या समाजाचा निकाल लावून मोकळी होतात. नवी पेठेतल्या दुकानात शर्ट आखूड झाला तर तुम्ही बदलून आणता ना? तसंच इथेही बदलून आणा. तक्रार करून पुन्हा येणारं गिऱ्हाईक धंद्याला फार लागतं. त्यातूनच माल सुधारतो.

पैसे कधी देता?

आता माझ्या कामाची गोष्ट, जरा सविस्तर सांगते.

सोलापुरात युनिफॉर्म शिवण्याचं काम मोठं आहे. माझ्याकडच्या एका भावानं सात मशिनी टाकल्या. एका खाजगी संस्थेची ऑर्डर मिळाली, दोनशे युनिफॉर्म, साडेचारशे रुपयांना एक. नव्वद हजारांचं बिल. पोरगं आनंदानं नाचत माझ्याकडे आलं. कापड, बटणं, चेन, कारागिरांची मजुरी मिळून साठ हजार आधी घालायचे होते. बँकेकडे तारण नाही, म्हणून खाजगी सावकाराकडून शेकडा तीननं उचलले. माल वेळेत गेला. बिल सात महिन्यांनी मिळालं. रोज फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत". आता हिशेब बघा. साठ हजारांना महिना अठराशे व्याज, सात महिन्यांचे बारा हजार सहाशे. नव्वद हजारांत त्याचा निव्वळ फायदा होता साडेतेरा हजार. हातात उरले नऊशे रुपये. ज्या संस्थेनं ही ऑर्डर दिली, तिनं वार्षिक समारंभात "आम्ही मागासवर्गीय उद्योजकाला संधी दिली" असं स्टेजवरून सांगितलं. मी तिथे बसले होते, रडू आवरलं नाही.

तेव्हा ऑर्डर देणार असाल तर तीन गोष्टी करा. निम्मी रक्कम आगाऊ द्या, म्हणजे त्याला सावकाराचं दार धरावं लागणार नाही. उरलेले पैसे द्यायची तारीख ऑर्डरच्या कागदावरच लिहा. आणि त्या तारखेला, त्यानं फोन करायच्या आधी, पैसे टाका.

कायदाही आहे, तो दोन्ही बाजूंनी माहीत असावा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. हा २००६ चा कायदा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तुमच्या हिशेबात धरला जात नाही. तुमच्या सीएला विचारा, तो घाबरवूनच सांगेल. नुसता माल आणून विकणाऱ्याला मात्र या तरतुदी लागत नाहीत. शिवणारा, बनवणारा, सेवा देणारा असावा लागतो. त्या भावाची उद्यम नोंदणी तेव्हा नव्हती. नोंदणी मोफत होते, आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासाचं काम. तुमच्या ओळखीच्या कुणा दुकानदाराची नसेल तर रविवारी शेजारी बसून करून द्या. देणगीपेक्षा ते अर्ध्या तासाचं बसणं उपयोगी पडेल.

उधारीबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे व्यापाराचं खरं भांडवल बँकेत नसतं, ठोक व्यापाऱ्याच्या वहीत असतं. मार्केट यार्डातला व्यापारी ओळखीच्या माणसाला शेंगदाण्याचं पोतं महिनाभर उधार देतो. ओळख म्हणजे काय? पाहुणेरावळे, जातभाई, वडिलांपासूनचं येणंजाणं. आमच्या माणसाला हे नातं नाही, म्हणून त्याला पोतं रोखीनं घ्यावं लागतं, आणि रोख उचलायला पुन्हा शेकडा तीन, शेकडा पाच. तुम्ही स्वतः ठोक व्यापारी असाल, तर एकाला एका पोत्याची उधारी सुरू करा. फिरली की दोन पोती. व्यापारी नसाल, पण यार्डात ओळख असेल, तर बरोबर जा आणि सांगा, "माझ्या माहितीतली आहे, वेळेवर देते." या एका वाक्याला हजारोंची किंमत आहे. माझ्या एका शब्दावर दोघींची खाती उघडली गेली, आणि दोघींनी कधी एक दिवस उशीर केला नाही.

गाळ्याचंही तसंच. मोक्याच्या रस्त्यावर तुमचा गाळा रिकामा असेल तर भाड्यात सवलत देऊ नका, फक्त आडनाव ऐकून "कालच दिला" म्हणू नका.

मोठ्या ऑर्डरी

एकट्या घराची खरेदी चांगलीच, पण धंदा उभा राहतो तो संस्थेच्या खरेदीवर. सोसायटीचं रंगकाम, शाळेचं स्नेहसंमेलन, ऑफिसची दिवाळी भेट, लग्नाचा मंडप, मंडळाचा महाप्रसाद. हो, महाप्रसाद सुद्धा. गणपतीच्या बैठकीत केटररचं नाव सुचवा आणि पहिले पंचवीस सेकंद जी शांतता पसरते तिला न घाबरता पुढे भाव सांगा. तिथे बसलेल्या कुणीतरी बोलायला हवं, आणि आमच्यापेक्षा तुम्ही बोललात तर ते जास्त ऐकलं जातं.

तीन ठिकाणचे दर मागवता ना, त्यात एक दर आमच्या माणसाचा असू द्या. महाग असेल तर त्याला सांगा किती महाग आहे. अनेकांना दरपत्रक लिहायची सवयच नसते, कारण कधी कुणी मागितलंच नाही. पहिल्यांदा सगळं काम एकाला देऊ नका. पाचशे माणसांचा स्वयंपाक कधीच न केलेल्या बाईला पाचशेचं दिलं आणि फसलं, तर ती आणि तुम्ही दोघं तोंडघशी पडाल. आधी साठ माणसांचं हळदीचं जेवण द्या.

रेल्वेचं विभागीय कार्यालय आपल्याच गावात आहे. तिथे किंवा केंद्राच्या दुसऱ्या खात्यात, सरकारी कंपनीत खरेदीच्या टेबलावर तुम्ही असाल तर तुम्हाला माहीत असेलच: २०१२ च्या खरेदी धोरणानुसार वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून व्हायला हवी, त्या २५ टक्क्यांतच एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. आमच्याकडे नोंदणी असलेले लोक आहेत, सरकारी खरेदीच्या जेम या ऑनलाइन पोर्टलवर खातं कसं चालवायचं हे दाखवणारं कुणी नाही. आठवड्यातून एक तास द्या. पुण्यात मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये सुरू केलेली दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था आहे, तिच्याशीही जोडून देता येईल.

एक विनंती. ऑर्डर देतानाचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. गुगलवर मात्र जरूर लिहा, आणि लिहिताना मालाबद्दल लिहा: "ज्वारीची कडक भाकरी पातळ आणि खुसखुशीत, चटणीत लसूण बरोबर, चौकातून उजवीकडे तिसरं दुकान, पार्किंग मिळतं." दुकानदाराच्या जातीचा, कष्टाचा, गरिबीचा उल्लेख नको.

चप्पल

कारागिराकडून चप्पल करून घ्यायला बरेच जण मला पत्ता विचारतात, म्हणून हे शेवटी सांगते.

कोल्हापुरी चप्पलेला भौगोलिक मानांकन आहे, त्यात आठ जिल्हे येतात. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपलं सोलापूर, बाकीचे चार कर्नाटकातले. हे आपल्याच गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. मानांकनाची नोंद संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्या नावानं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा सगळ्यांना राग आला, माझ्याही फोनवर दिवसभर मेसेज येत होते. मी प्रत्येकाला एकच विचारलं, तुमच्या पायात कुणी शिवलेली आहे?

आमच्या ओळखीचे एक मामा आहेत, साठी ओलांडलेले. त्यांच्या खोलीत गेलात तर आधी कातड्याचा वास येतो. समोर दगड, हातात कातडं कापायची रापी. ते कातडं ओलं करून दगडावर ठोकतात, ठोकून ठोकून तळाचे थर एकजीव करतात. मग आरीनं भोक पाडून चामड्याच्याच वादीनं टाके घालतात, खिळा कुठेही मारत नाहीत. वरच्या पट्ट्यावरची वेणी त्यांची पत्नी घालते. तिचं बोट त्या बारीक वादीतून इतक्या वेगानं फिरतं की आपली नजर मागे पडते. जोडीचं नाव मामांचं होतं, निम्मं काम मामींचं असतं. तेव्हा ऑर्डर देताना मामींशीही बोला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कातडं मिळवणं अवघड आणि महाग झालं, असं मामा सांगतात. म्हणून निम्मे पैसे आधी द्या, ते कातड्यातच जातात.

हाताचं काम करणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. चर्मकार, केरसुणी-टोपल्या करणारे, शिंपी असे अठरा व्यवसाय त्यात आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. मामांचा अर्ज मी भरला. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटेना. चाळीस वर्षं दगडावर कातडं ठोकून रेषा झिजल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटावर जमलं. तुमच्या ओळखीच्या कारागिराला केंद्रावर एकट्याला पाठवू नका, बरोबर जा.

चप्पल नवी असताना चावते. तळव्याला आणि पट्ट्याच्या आतून थोडं खोबरेल लावा, पहिले चार दिवस घरातच तासभर घाला. पावसात घालू नका. वर्षभरानं टाका सुटला तर फेकू नका, त्याच मामांकडे न्या. दुरुस्तीचे वीस-तीस रुपये त्यांना रोजच्या चहापाण्याला होतात, आणि नवी जोडी कधी लागेल हेही त्यांना कळतं. माप द्यायला संध्याकाळी जा, सकाळी नको. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, त्या मापाची चप्पल रात्रीपर्यंत घट्ट होत नाही. मामा वहीच्या कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं कड काढतात. दोन्ही पायांची काढायला सांगा. डावा आणि उजवा कुणाचाच सारखा नसतो. तो कागद ते जपून ठेवतात, पुढच्या वर्षी तुम्ही नुसता फोन केलात तरी चालतो.